गल्लीतलं एकच गिऱ्हाईक

वडनेर भोलजी,
९ जुलै २०१८

प्रिय मंजुताईस,
सप्रेम जयभीम.

तुझा फोन बंद लागतो. आई म्हणते, जवाईबापूंच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या ऐकून तू तो बंदच करून ठेवतेस. म्हणून हे पत्र सुपडाभाऊच्या जीपने नांदुऱ्याला पाठवत आहे. खरं तर मलाही कागदच बरा. फोनवर समोरचा जे म्हणेल त्याला मी हो म्हणून टाकतो आणि फोन ठेवल्यावर घाम पुसत बसतो. कागदावर निदान खोडता येतं.

विषय इंटरनेटचा आहे. भाऊजींनी आपल्या गल्लीत कंपनीची वायर ओढली त्याला सात महिने झाले. सुरुवातीला चांगलं चाललं. आता रोज दुपारी लाइन जाते. महिन्याच्या शेवटी शेवटी तर ती असते, पण असून नसल्यासारखी. एक पान जायला अर्धा तास. पावती मात्र पूर्ण महिन्याची येते. जूनमध्ये कितीतरी दिवस बंद होती, त्याचा एक पैसा वजा नाही.

तुला माहीत आहे, चिखलीचे ठेकेदार रामराव मला जमिनीच्या जुन्या फेरफारांची छायाचित्रं पाठवतात आणि मी ती टाइप करून परत पाठवतो. माझी शाळा अकरावीतून सुटली, पण शुद्धलेखनाची चूक त्यांना अजून सापडलेली नाही. त्यांची अट एकच, पानं त्याच दिवशी संध्याकाळी पोचली पाहिजेत. नेट बंद असल्याने दोन वेळा माझी पानं गेली नाहीत. तिसऱ्यांदा असं झालं तर काम दुसऱ्याला, असं त्यांनी सांगितलं आहे.

हे काम गेलं तर मला जिनिंगच्या टोळीबरोबर गुजरातला जावं लागेल. गेल्या वर्षी बोंडअळीने आपल्या पऱ्हाटीचं काय केलं ते तू पाहिलंस. बाबांनी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. यंदा पुन्हा तीच कापसाची पऱ्हाटी लावली आहे. मी विचारलं तर म्हणाले, "दुसरं काय लावू बे, तूच सांग."

तू भाऊजींना एकदा सांग. मी सांगितलं तर ते हसतात आणि माझ्या पाठीवर थाप मारतात.

तुझा,
अश्वजित


नांदुरा,
१४ जुलै

प्रिय अश्वजित,
जयभीम.

तुहं पत्र भेटलं. एवढ्या सुंदर अक्षरात तक्रार केलेली मी पहिल्यांदा वाचली. आमच्या फोनवर येतात त्या तक्रारी तर आईबहिणीवरूनच सुरू होतात. काल एक जण म्हणे, "बाई, तुमच्या नवऱ्याले सांगा, माह्या पोराचं कार्टून मधातच थांबते, अन् पोरगं जेवत नाही." मी म्हटलं, मंग त्याले भरवाले मीच येऊ काय?

तुह्या भाऊजीले सांगतलं आहे. येत्या रविवारी येतील. तू घाबरू नको, रोजच्या रोज पानं धाडत राह्य. पैशाचंही ते पाहून घेतील, घरचंच आहे.

एक गोष्ट ऐक. गल्लीतलं कोणी म्हटलं की कंपनीले फोन करू, तर तू करू देऊ नको. उगाच गोष्ट वाढते. जे काय आहे ते आधी आपल्या घरात सांग.

बाबाले म्हण, उन्हात टोपी घालत जा. पोरगी मामाची आठवण काढते.

तुही ताई,
मंजुश्री


वडनेर भोलजी,
३ ऑगस्ट

प्रिय ताईस,
जयभीम.

भाऊजी आले होते. चार वाजेपर्यंत कडुनिंबावर चढून वायर पाहत होते. अब्दुल गनीचाचांच्या पत्र्याखाली जो डबा आहे, ज्यातून सगळ्यांच्या वायरी निघतात, तो उघडून पुसला. चाचा शिवणयंत्रावरून उठून आले आणि म्हणाले, "दामाद, तू डबा पोछता है के दुआ पढ़ता है?" भाऊजी म्हणाले, "दोनोही करतो चाचा, कशानं तरी चालू झालं पाह्यजे." सगळे हसले. जेवताना मात्र भाऊजींना आईने दोनदा भाकरी वाढली, ती तशीच राहिली.

लाइन त्यानंतर काही दिवस चांगली चालली. वीस तारखेच्या पुढे पुन्हा मंदावली. मी तीन महिन्यांचं ताडून पाहिलं, दर वेळी असंच होतं. मला हे विचित्र वाटतं.

तू नको म्हणाली होतीस, पण मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. रागावू नकोस. त्या मुलीने ग्राहक क्रमांक विचारला. मी पावतीवरचा क्रमांक दिला. ती म्हणाली, असा ग्राहकच नाही. मग नाव विचारलं, तेही नाही. "आपण दुसऱ्या कंपनीचे ग्राहक असाल, बरोबर?" असं ती म्हणाली आणि मी हो म्हणालो. ताई, वायर त्यांची, डब्यावर नाव त्यांचं, आणि मी हो म्हणालो.

मला वाटतं, कंपनीने भाऊजींनी भरलेले आपले अर्ज हरवले आहेत. भाऊजी बिचारे दर महिन्याला पैसे नेऊन भरतात आणि तिकडे आपली नावंच नाहीत. उद्या कंपनी त्यांच्यावरच बालंट आणेल. त्यांना सावध कर. पावत्या मी सगळ्या जपून ठेवल्या आहेत.

तुझा,
अश्वजित


नांदुरा,
१० ऑगस्ट

अश्वजित,

तुले मी काय लिहिलं होतं? काऊन केला फोन?

अर्ज हरवले नाहीत अन् बालंटही येत नाही. तुह्या भाऊजीले त्याईचं काम समजते. पोळ्यानंतर ते नवीन वायर टाकणार आहेत, फक्त तुह्या घरासाठी वेगळी. तवरक कळ काढ. पानं जात नसली तर नांदुऱ्याले येऊन धाड, माह्या घरी जेव.

ताईचं एवढं ऐक. कंपनीले काही कळवू नको. जिनिंगमधली वजनाच्या काट्यावरची नोकरी गेली तेव्हा हे कसे घरात बसले होते ते तू पाह्यलं नाही, मी पाह्यलं. कापूसच आला नाही तर काट्यावर माणूस कशाले ठेवतील? या वायरींवर त्याईचं मन लागलं आहे आता. यापेक्षा जास्त मी कागदावर लिहीत नाही.

मंजुश्री


वडनेर भोलजी,
१८ सप्टेंबर

प्रिय ताईस,
जयभीम.

पोळा झाला. नवीन वायर आली नाही. भाऊजींचा फोन लागत नाही. गेल्या आठवड्यात लाइन पूर्ण गेली. मी पानं पेनड्राइव्हमध्ये घेऊन रोज नांदुऱ्याला जात होतो आणि स्टेशनजवळच्या दुकानातून पाठवत होतो. दोनदा तुझ्याकडे आलो, घराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, आतच असतील, कुलूप लावून आत बसतात. मला ते खरं वाटलं नाही. एका दिवशी जीप मिळाली नाही. रामरावांना मी आईची तब्येत बिघडली असं खोटं सांगितलं, म्हणून ते या वेळी गप्प बसले. आता सांगायला खोटंही उरलेलं नाही.

शेतात डोमकळ्या दिसू लागल्या. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. बाबांनी एक फोडून दाखवली, आत अळी होती. पाऊसही नाही. बाबांनी ती कळी खिशात टाकली आणि घरी येऊन तशीच विसरले. आईला सदरा धुताना सापडली.

काल गल्लीतले सगळे गनीचाचांच्या ओट्यावर बसले होते. गोजरबाई म्हणाल्या, "नळाले पाणी येत नव्हतं तेव्हा आपण काय केलं होतं? सगळ्याईच्या सह्यांचं निवेदन देल्लं होतं. आलं की नाही पाणी?" सगळ्यांना पटलं. निवेदन मलाच लिहायला सांगितलं. नळाच्या वेळचंही मीच लिहिलं होतं.

ताई, मी पुष्कळ विचार केला. तू नको म्हणतेस ते भाऊजींच्या काळजीने, हे मला समजतं. म्हणून मी त्यांच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही. उलट तीन ठिकाणी त्यांचं नाव आदराने घेतलं आहे. 'आपले प्रतिनिधी श्री. शुद्धोधन हे अहोरात्र मेहनत घेतात, तरी आपल्या कार्यालयाच्या निष्काळजीपणामुळे त्यांना बोलणी खावी लागतात,' असं लिहिलं. खाली प्रत्येक घराचं नाव, जोडणी कधीपासून, पैसे कोणाकडे दिले आणि सही किंवा अंगठा. पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या. गनीचाचांच्या पत्र्याखालच्या डब्याचा फोटोही जोडला, म्हणजे आम्ही खरे ग्राहक आहोत याचा पुरावा राहील.

बाबांनी पहिली सही केली. आज सकाळी अकोल्याच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. आता भाऊजींच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

तुझा,
अश्वजित


नांदुरा,
२० सप्टेंबर

अश्वजित,

हे पत्र हाती पडलं की तसाच पोस्टात जा. रजिस्टरची पावती दाखव अन् म्हण की परत पाह्यजे. पाया पड, काहीही कर.

तुले सांगते आता. फोनवर हे बोलाची हिंमत नाही. आधीच सांगाले पाह्यजे होतं. तुमच्या गल्लीत कंपनीचं एकच गिऱ्हाईक आहे, अन् ते म्हणजे तुहे भाऊजी. एक जोडणी त्याईनं सोताच्या नावावर घेतली अन् त्या डब्यातून सगळ्याईले वाटली. महिन्याचं जेवढं नेट एका घराले भेटते तेवढं अख्खी गल्ली वापरते, म्हणून ते वीस तारखेले सरते. पावत्या नांदुऱ्याच्या प्रेसमधून छापून आणल्या.

कंपनी म्हणे, दर घराचं डिपॉझिट आणा. वडनेरात गेल्या वर्षी कोण देणार होतं डिपॉझिट? गोजरबाई? हे म्हणाले, दोन महिने असं चालवू, मंग सगळ्याईचे नाव लावू. ते दोन महिने सरलेच नाही. घरी येऊन बसत, म्हणत, "मंजू, वायर एक अन् तोंडं इतकी." मी काय सांगू? मीच म्हटलं होतं, चालवा.

कुलूप लावून आम्ही आतच होतो. तुहा आवाज आला. पोरीच्या तोंडावर मी हात ठेवला होता.

धावत जा.

मंजुश्री


वडनेर भोलजी,
२४ सप्टेंबर

ताई,

पत्र मिळताच पोस्टात गेलो. टपाल अठरा तारखेलाच निघून गेलं होतं. पोस्टमास्तर म्हणाले, आता ते पोचलंही असेल.

मग कंपनीच्या अकोल्याच्या कार्यालयाला फोन केला. निवेदन मागे घ्यायचं आहे हे वाक्य मी आधी कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. पण मी नाव सांगितलं आणि पुढचं बोलायच्या आधीच तिकडचे साहेब म्हणाले, "अरे वा, अश्वजित तुम्हीच का? फार व्यवस्थित लिहिलं आहे. ही सगळी घरं त्या एकाच डब्यावर आहेत, बरोबर?"

मी हो म्हणालो.

"आणि पैसे सगळ्यांनी त्या शुद्धोधनलाच दिले?"

ताई, मी हो म्हणालो. समोर ठेवलेलं वाक्य मी त्यानंतर वाचलं. ते म्हणाले, मागे घ्यायचं तर लेखी द्या, पण आता चौकशी लागली आहे. आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

लेखी आजच पाठवलं आहे. भाऊजींसमोर मी कसा उभा राहू, ते सांग.

अश्वजित


अकोला,
१२ ऑक्टोबर २०१८

श्री. अश्वजित पंजाबराव यांस,
मु. पो. वडनेर भोलजी, ता. नांदुरा

विषय : सेवेबाबत आपले निवेदन

महोदय,
आपल्या निवेदनाच्या अनुषंगाने दि. ८ ऑक्टोबर रोजी जागेवर तपासणी करण्यात आली. एका जोडणीवरून अनधिकृतपणे अनेक घरांना सेवा पुरवली जात असल्याचे आढळून आले. सर्व अनधिकृत वायरी काढण्यात आल्या आहेत. संबंधित प्रतिनिधीस कामावरून कमी करण्यात आले असून पोलिसांत तक्रार देण्याबाबत विचार चालू आहे. निवेदन मागे घेण्याबाबतचे आपले पत्र चौकशी सुरू झाल्यानंतर मिळाल्याने विचारात घेता आले नाही.

गैरप्रकार उघडकीस आणण्यात आपण केलेल्या सहकार्याची दखल घेऊन आपल्या घरी आपल्या नावाने नवीन जोडणी विनाडिपॉझिट देण्यात येत आहे. इतर रहिवाशांनी डिपॉझिटसह स्वतंत्र अर्ज करावेत.

आपल्या विश्वासाबद्दल आभार.

ग्राहक सेवा विभाग


वडनेर भोलजी,
२० ऑक्टोबर

प्रिय ताईस,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो, कारण आठ तारखेला इथे काय झालं ते तुला दुसऱ्याकडून कळू नये.

गाडी घेऊन कंपनीची तीन माणसं आली. भाऊजींना त्यांनी सोबत आणलं होतं. घरं दाखवायला. पण भाऊजींनी दाखवायची गरज पडली नाही, त्या माणसांच्या हातात माझं निवेदन होतं. ते नाव वाचत आणि वायर कापत. भाऊजी मागे उभे होते. एकदा वायर तोडताना गनीचाचांचं पत्र्याचं पन्हाळं निखळलं, तर भाऊजींनीच पुढे होऊन ते खिळ्यावर बसवलं.

गोजरबाई ओट्यावरून ओरडल्या, "बापा शुद्धोधन, आमच्या पैशाचं काय केलं रे तू?" भाऊजी म्हणाले, "काकू, त्याचंच नेट तुम्ही पाह्यलं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् तू रे, मोठा लिहिणारा. बहिणीचं अन् भाटव्याचं घर बुडवाले आमचे अंगठे घेतले काय?"

निवेदनाची कल्पना त्यांचीच होती हे मी बोललो नाही. लिहिलं तर मीच होतं.

शेवटी आपल्या घराची वायर आली. त्यातला एक जण म्हणाला, ही राहू द्या, यांना नवीन देणार आहोत. भाऊजींनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कोणाचं घर आहे हे आठवत असल्यासारखं. आई पाणी घेऊन बाहेर आली तोवर ते गाडीत बसले होते.

नवीन जोडणी लागली आहे. पान डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातं. रामराव खूश आहेत, काम वाढवून देतो म्हणाले. गल्लीत बाकी कोणाकडेच नेट नाही. मी जोडणी नको म्हणणार होतो. बाबांनी पहिल्या वेचणीचा कापूस घरात आणून टाकला, निम्मा तर किडका, पिवळी कवडी. तो पाहून मी जोडणी लावून घेतली.

तू रागाव, पण लिही.

अश्वजित


नांदुरा,
२ नोव्हेंबर

अश्वजित,

तुह्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाले लिहू. राग आहे. कमी होईल तेव्हा कळवीन.

हे सध्या स्टेशनच्या मालधक्क्यावर पोती उचलाले जातात. ज्याईच्या घरी वायरी जोडल्या तेच लोक तिथे भेटतात. एक जण म्हणे, "काय साहेब, आज नेट डाऊन काय?" घरी येऊन मलेच सांगतात अन् हसतात. मले ते हसणं आवडत नाही.

आकोल्याच्या हापिसातल्या एका माणसानं सांगतलं की गल्लीनं लिहून देल्लं तर पोलिसाचं टळते. असं लिहाचं की आमची फसवणूक झाली नाही, आम्ही खुशीनं पैसे देल्ले, सेवा भेटली, या माणसाविरुद्ध आमची तक्रार नाही. सगळ्याईच्या सह्या पाह्यजेत, पहिल्यासारख्या. जमलं तर वायरमन म्हणून परत घेतील म्हणे.

तुहं लिहिलेलं कंपनी वाचते. आता हे लिही. मी मांगून राह्यली, यांनी मांगतलं नाही.

मंजुश्री


वडनेर भोलजी,
२८ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निवेदन लिहिलं. पहिल्यापेक्षा चांगलं झालं. कुठेही खाडाखोड नाही.

गोजरबाईंकडे गेलो. त्यांनी कागद हातात न घेताच विचारलं, "कशाचा आहे?" मी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "शुद्धोधनचं वाईट व्हावं असं मले वाटत नाही बाप्पा. पण माहा अंगठा आता कोणत्याच कागदावर लागणार नाही. मांगच्या खेपेले लावला अन् दाराशी गाडी आली." गनीचाचांनी मला बसवलं, चहा दिला. म्हणाले, "बेटा, तू आ, रोज आ. कागज लेके मत आ." पुढच्या घरांत माझ्या हातात कागद पाहूनच बाया आत गेल्या.

बाबा शेतातून आले तेव्हा त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पेन घेतलं. मग म्हणाले, "माहीच सही पहिली होती ना त्याच्यावर?" आणि पेन परत दिलं. आई म्हणाली, "अहो, पोरीचा संसार आहे." ते उठून गोठ्यात गेले. मी मागे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी आईने सही केली. मला वाटलं होतं तिला लिहिता येत नाही. 'बेबी' एवढंच नाव लिहिलं, फार वेळ घेऊन.

आमच्या दोघांच्या सह्यांवर ते अकोल्याला पाठवलं. सोबत मी स्वतंत्र पत्र जोडलं, की या गल्लीतला तुमचा एकमेव ग्राहक मीच आहे आणि माझी या माणसाविरुद्ध काहीही तक्रार नाही, तरी त्यांना कामावर परत घ्यावं.

आठ-दहा दिवसांनी कंपनीचा फोन आला. मदत क्रमांकाचा होता. मी उचलला नाही, तोंडातून काय निघेल याची भीती वाटली. मनाशी म्हटलं, लेखी दिलं आहे, लेखीच उत्तर येऊ दे. पुन्हा दोनदा आला, तेव्हाही नाही उचलला. काल मोबाइलवर संदेश आला. जसाच्या तसा उतरवून पाठवतो :

'प्रिय ग्राहक, आपल्या विनंतीबाबत आपणाशी संपर्क होऊ शकला नाही. प्रतिसाद न मिळाल्याने आपण आमच्या सेवेबाबत समाधानी आहात असे समजून आपले प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

मी लगेच त्यांना फोन केला. बंद झालेलं प्रकरण उघडत नाही, असं ती मुलगी म्हणाली. या वेळी मी 'नाही' म्हणालो, ताई, समाधानी नाही. पुन्हा पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, "सर, आपली लाइन तर चालू दिसते आहे, मग आपली अडचण काय आहे?"

सुपडाभाऊ जीप घेऊन उभा आहे, म्हणून इथेच थांबतो. पोलिसांचं काही कळलं तर कळव. उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. पत्र मिळालं, एवढं नुसतं त्याच्याजवळ तोंडी सांग.

तुझा,
अश्वजित